ट्रॅक्टरच्या लिफ्टचे ऑइल: पातळी, रंग आणि निगा

इंजिनातले ऑइल सकाळी पट्टी काढून पाहण्याची सवय आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरमालकांना असते. लिफ्टचे ऑइल मात्र लिफ्ट नांगर उचलेनाशी झाली की आठवते. या दुर्लक्षाला कारणही आहे. इंजिनऑइलचा दाब कमी झाला तर समोर दिवा लागतो, ते लवकर काळे पडते आणि बदलण्याची वेळही वरचेवर येते. लिफ्टच्या, म्हणजेच ट्रॅक्टरच्या मागच्या चेंबरमधल्या ऑइलसाठी बहुतेक ट्रॅक्टरांत दिवा नसतो, आणि ते बदलण्याचा काळ इतका लांबचा असतो की मागच्या वेळी ते कधी बदलले होते हे घरात कोणालाच नक्की सांगता येत नाही. वास्तविक ट्रॅक्टरमधले सर्वांत जास्त ऑइल याच चेंबरमध्ये असते. ३५ ते ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरच्या इंजिनात साधारण ६ ते १० लिटर ऑइल लागते, तर मागच्या चेंबरमध्ये त्याच्या कितीतरी पट, बऱ्याच मॉडेलांत ३० लिटरच्याही वर.

इतके ऑइल लागते, कारण ते एकट्या लिफ्टचे नसते. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरन्शियल (वळणावर दोन्ही मागची चाके वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर), ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक आणि हायड्रोलिक लिफ्ट या सगळ्यांना एकाच साठ्यातून ऑइल मिळते. गिअरच्या दात्यांना ते जाडसर हवे असते, म्हणजे भाराखाली त्याचा थर तुटत नाही. लिफ्टच्या पंपाला ते पातळ हवे असते, म्हणजे थंडीच्या सकाळीही ते जाळीतून सहज ओढले जाते. ब्रेकच्या चकत्यांना तर असे ऑइल हवे की जे झीज होऊ देणार नाही आणि पकडही सुटू देणार नाही. या परस्परविरोधी मागण्या सांभाळणारे ऑइल मुद्दाम तयार केलेले असते. डब्यावर त्याला ‘यूटीटीओ’ म्हणतात, दुकानात ते ‘वेट ब्रेक ऑइल’ किंवा नुसते ‘ट्रान्समिशन ऑइल’ म्हणून मागितले जाते.

ही रचना तशी जुनी आहे. आयर्लंडमधले अभियंते हॅरी फर्ग्युसन यांनी तीन बिंदूंची जोडणी (अवजार ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडणे) आणि हायड्रोलिक लिफ्ट यांची सांगड घातली. त्या पद्धतीचा ट्रॅक्टर १९३६ मध्ये बाजारात आला, आणि १९४६ पासून कॉव्हेंट्रीत बनू लागलेल्या टीई २० या मॉडेलमध्ये पंप थेट ट्रान्समिशनच्या चेंबरमध्ये, तिथल्याच ऑइलमध्ये बसवलेला होता. आपल्या सीटशेजारच्या दोन लिव्हरांपैकी ड्राफ्टचा, म्हणजे नांगरावर येणाऱ्या ओढीप्रमाणे त्याची खोली राखणारा लिव्हर फर्ग्युसन यांच्याच कल्पनेतून आलेला आहे. अर्थात प्रत्येक ट्रॅक्टर याच घडणीचा असेल असे नाही. काही मॉडेलांत लिफ्टचा साठा वेगळा असतो, काहींत पॉवर स्टिअरिंगची स्वतंत्र छोटी टाकी असते, आणि मागाहून बसवलेल्या लोडरची टाकी तर बहुधा वेगळीच असते. त्यामुळे आपल्या ट्रॅक्टरमध्ये ऑइलची नेमकी किती तोंडे आहेत आणि कोणत्या तोंडातून काय भरायचे, हे मालकी पुस्तिकेतून एकदा नीट पाहून घेणे ही देखभालीची पहिली पायरी होय.

आता हे ऑइल वजन कसे उचलते ते पाहू. पंप दाब तयार करतो असे आपण बोलतो, पण तो खरे तर फक्त ऑइल पुढे ढकलतो. त्या ऑइलला वाट सहज मिळाली तर दाब जवळजवळ नसतोच. पिस्टनवर नांगराचा भार आला आणि ऑइलला पुढे सरकायला अडथळा झाला की दाब चढतो. ठरलेल्या मर्यादेपलीकडे तो जाऊ नये म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह असतो, आणि ट्रॅक्टरांत ही मर्यादा साधारण १५० ते २०० बारच्या दरम्यान ठेवलेली असते (१ बार म्हणजे जवळपास हवेच्या दाबाएवढा दाब). समजा लिफ्टच्या पिस्टनचा व्यास १०० मिलिमीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस सेंटिमीटर भरते, आणि १५० बार दाबाला त्यावर जवळपास १२ टनांचे बल येते. मग लिफ्टची क्षमता दीड टनाच्या आसपास का लिहिलेली असते? पिस्टन आतल्या आखूड भुजेला ढकलतो आणि अवजार बाहेरच्या लांब भुजांच्या टोकाला असते, म्हणून. बल घटते, त्या बदल्यात अवजार पुरेशा उंचीपर्यंत जाते.

एवढा दाब धरून ठेवायचा तर पंपाच्या आणि व्हॉल्व्हच्या भागांमधल्या फटी अगदी बारीक असाव्या लागतात, आणि त्या काही मायक्रॉनच्या असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). नुसत्या डोळ्यांना साधारण ४० मायक्रॉनपेक्षा लहान कण दिसत नाही. म्हणजे पंपाला खरवडणारी धूळ आपल्या नजरेला दिसतच नाही, आणि ‘ऑइल चकाचक आहे, अजून चालेल’ हा निर्वाळा केवळ पट्टी पाहून कोणालाही देता येत नाही.

इंजिनऑइल आणि हे ऑइल यांत एक मूलभूत फरक आहे, आणि माझ्या मते निगराणीची सगळी किल्ली त्यातच आहे. इंजिनऑइलचा थोडा अंश पिस्टनरिंगांवरून वर जाऊन जळतो, त्यामुळे त्याची पातळी थोडी खाली येणे स्वाभाविक मानले जाते. मागच्या चेंबरमध्ये जळण्यासारखे काहीच नसते. तिथली पातळी खाली गेली तर ऑइल कुठेतरी गेले आहे, आणि पातळी वर आली तर काहीतरी आत आले आहे. म्हणून कमी झाले की दोन लिटर ओतून मोकळे होण्यापेक्षा ते गेले कुठे हे शोधणे अधिक महत्त्वाचे ठरते.

पातळी पाहण्याची पद्धत सोपी आहे, पण ती दर वेळी सारखीच हवी. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, लिफ्टच्या भुजा पूर्ण खाली आणाव्यात, ट्रॉली जोडलेली असेल तर तीही खाली बसवावी, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबावे, म्हणजे गिअरांवर आणि पाइपांत गेलेले ऑइल खाली येते. पट्टीच्या आजूबाजूची माती आधी पुसून घ्यावी, कारण पट्टी उपसताना तीच माती भोकातून आत पडते. पट्टी स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसून पुन्हा घालावी आणि मग खुणा पाहाव्यात. आटे असलेली पट्टी काही मॉडेलांत पूर्ण आवळून पाहायची असते, तर काहींत नुसती टेकवून. या दोन वाचनांत चांगलाच फरक पडतो, त्यामुळे येथे अंदाज न करता पुस्तिकेचे ऐकावे. ऑइल वरच्या खुणेच्याही वर भरणे हितावह नाही. फिरणारे गिअर जास्तीचे ऑइल घुसळतात, त्यात फेस होतो, ते तापते आणि सीलवर जोर येतो.

पातळी कमी आढळली तर प्रथम ट्रॅक्टरखाली आणि मागे पाहावे. पीटीओच्या शाफ्टचे (अवजाराला फिरती शक्ती देणाऱ्या मागच्या दांड्याचे) सील, लिफ्टच्या आडव्या शाफ्टच्या दोन्ही टोकांची सीले, मागच्या चाकांकडचे अॅक्सल आणि होज पाइपांचे सांधे या नेहमीच्या जागा आहेत. तिथे ऑइल थेंबथेंब गळतेच असे नाही. ओलसर डागावर चिकटून बसलेल्या धुळीची जाड पुटे दिसली तरी तेवढा पुरावा पुरे. क्लचच्या चेंबरला खाली एक छोटे भोक असते. तिथून ऑइल टपकत असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे सील गेले असण्याची शक्यता असते, आणि तसे असल्यास थोड्याच दिवसांत क्लचही घसरू लागतो. (मात्र त्याच भोकातून क्रँकच्या मागच्या सीलचे इंजिनऑइलही येऊ शकते. म्हणून कोणत्या पट्टीवरची पातळी उतरते आहे ते पाहूनच निदान करावे.)

बाहेर कुठेच ओल नाही आणि तरीही पातळी उतरते आहे, असेही घडते, आणि या प्रकारात भलेभले चकतात. ज्या ट्रॅक्टरांत हायड्रोलिक पंप इंजिनाच्या टायमिंग गिअरवर चालतो, तिथे पंपाच्या शाफ्टचे सील झिजले तर लिफ्टचे ऑइल सरळ इंजिनात उतरू लागते. मालकाला इंजिनऑइलची पातळी वाढलेली दिसते. ‘इंजिन ऑइल खात नाही’ म्हणून तो खूश असतो, आणि तिकडे इंजिनातले ऑइल चुकीच्या मिश्रणाने निकामी होत असते. दोन्ही पट्ट्या एकाच दिवशी पाहण्याची सवय असेल, तर हा दोष लवकर लक्षात येतो.

ऑइल बाहेर जाण्याची आणखी एक राजरोस वाट म्हणजे डंपिंग ट्रॉली. लिफ्टच्या आतल्या सिलिंडरमध्ये जेमतेम लिटरभर ऑइल जाते, पण ट्रॉलीच्या सिलिंडरचा हिशेब वेगळा असतो. ११० मिलिमीटर व्यासाचा आणि १ मीटर धाव असलेला सिलिंडर पूर्ण उघडला की त्यात सुमारे साडेनऊ लिटर ऑइल जाऊन बसते, आणि तेवढेच ऑइल चेंबरमधून कमी होते. पातळी आधीच खालच्या खुणेजवळ असेल, ट्रॅक्टर उतारावर तिरका उभा असेल, तर पंपाची जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढू लागतो. म्हणूनच ट्रॉलीचे काम असेल तेव्हा किती जादा ऑइल घालायचे, हे अनेक पुस्तिकांत स्वतंत्र दिलेले असते. शिवाय गावात ट्रॉली या ट्रॅक्टरची त्या ट्रॅक्टरला लागते. तिच्या सिलिंडरमध्ये आधीच्या ट्रॅक्टरचे ऑइल शिल्लक असते, ते कसले होते आणि किती जुने होते हे कोणी विचारत नाही, आणि ट्रॉली खाली आली की तेच आपल्या गिअरबॉक्समध्ये येते. पलटी नांगराच्या पाइपांचेही तेच. कपलरची (पाइप जोडण्याच्या तोंडांची) टोपणे हरवलेली असतील तर त्यात बसलेली धूळ पहिल्याच दाबाला आत जाते. चार पैशांचे प्लास्टिकचे टोपण लावणे आणि जोडण्यापूर्वी दोन्ही टोके पुसणे, एवढ्यानेही पंपाचे आयुष्य वाढते.

पातळी वाढलेली दिसली तर बहुधा पाणी हे कारण असते. भंडारा-गोंदियाकडे किंवा मावळ-इगतपुरीच्या भातखाचरांत चिखलणी करताना ट्रॅक्टर अॅक्सलपर्यंत पाण्यात असतो, आणि झिजलेले सील ऑइल बाहेर सोडण्याआधी पाणी आत घेते. धुलाई केंद्रावर दाबाच्या पाण्याचा फवारा पट्टीच्या तोंडावर, ब्रीदरवर (चेंबरमध्ये हवा आतबाहेर होण्याच्या तोंडावर) किंवा लिफ्टच्या शाफ्टवर नेमका मारला तरी तेच होते. तिसरी वाट निमूट असते. दिवसभर तापलेले चेंबर रात्री थंड होते, ब्रीदरमधून दमट हवा आत ओढली जाते आणि तिच्यातले पाणी आतल्या लोखंडावर साचते. ऑइलचा रंग चहात दूध घातल्यासारखा झाला की पाणी आहे हे सांगायला मिस्त्री लागत नाही. शंका असेल तर स्वच्छ काचेच्या बाटलीत थोडे ऑइल काढून रात्रभर स्थिर ठेवावे. मोकळे पाणी आणि गाळ तळाशी बसतो. दुसरी चाचणी तव्याची आहे: तापलेल्या पत्र्यावर किंवा तव्यावर एक-दोन थेंब टाकले असता तडतड आवाज झाला तर ऑइलमध्ये पाणी आहे. ही चाचणी चेहरा लांब ठेवून, उघड्यावर आणि स्वयंपाकाच्या तव्याव्यतिरिक्त दुसऱ्या कशावर तरी करावी.

दुधाळ ऑइल ‘ट्रॅक्टर चालवला की तापून पाणी उडून जाईल’ या भरवशावर ठेवणे मला मुळीच पटत नाही. तेवढ्या काळात बेअरिंगना गंज चढतो, ऑइलमधली रसायने पाण्याबरोबर विघटित होतात आणि ब्रेकच्या चकत्यांचे अस्तर फुगते. असे ऑइल काढूनच टाकले पाहिजे, आणि ज्या सीलमधून पाणी आले ते आधी बदलले पाहिजे. एकदा ऑइल बदलल्यावरही आतल्या कोपऱ्यांत राहिलेले पाणी नव्या ऑइलला पुन्हा फिकट दुधाळ करते, म्हणून काही तास काम करून पुन्हा पट्टी पाहावी आणि रंग बदललेला असेल तर दुसऱ्यांदा बदलण्याची तयारी ठेवावी.

फेस आणि दुधाळपणा यांत गल्लत होऊ देऊ नये. इंजिन बंद केल्यावर अर्ध्या-पाऊण तासात जो पांढरेपणा नाहीसा होतो तो हवेचा असतो. जो दुसऱ्या दिवशीही टिकतो तो पाण्याचा. हवा आत येते ती बहुतेक वेळा पंपाच्या ओढणीच्या बाजूने: सैल क्लिप, चिरलेली ओ-रिंग किंवा कमी पातळी. या बाजूला दाब नसतो, ओढ असते, त्यामुळे ऑइल बाहेर न गळताही हवा आत शिरू शकते. मग लिफ्ट धक्के देत वर जाते आणि पंप कण्हल्यासारखा आवाज करतो.

तोच कण्हणारा आवाज जाळी तुंबल्यावरही येतो, आणि मग लिफ्ट दिवसाच्या कोणत्या वेळी रुसते हे लक्षात ठेवण्यासारखे असते. सकाळी थंड ट्रॅक्टरची लिफ्ट सुस्त आणि तासाभराने ठीक होत असेल, तर ऑइल फार जाड आहे किंवा जाळी तुंबली आहे असा संशय घ्यावा. याउलट सकाळी व्यवस्थित चालणारी लिफ्ट वैशाखातल्या दुपारी दमत असेल, तर तापून पातळ झालेले ऑइल झिजलेल्या पंपातून किंवा पिस्टनच्या सीलवरून मागे सटकते आहे. उचललेला रोटाव्हेटर इंजिन बंद केल्यावर हळूहळू खाली येतो, किंवा इंजिन चालू असताना लिफ्ट सारखी मान हलवल्यासारखी वरखाली करते, ही आतल्या गळतीची लक्षणे होत. त्यावर ऑइल ओतून उपयोग नाही, लिफ्टचे झाकण उघडावेच लागते. मात्र लिफ्ट पूर्ण वर गेल्यावर रिलीफ व्हॉल्व्हचा किरकिर आवाज येत राहतो, तेव्हा अनेकदा लिव्हरची जुळणी बिघडलेली असते. तो आवाज दिवसभर चालू दिला तर पंपाची सगळी मेहनत ऑइल तापवण्यात जाते. ऑइल सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या पुढे सतत राहिले तर सीले कडक होतात, आणि दर १० अंशांच्या वाढीगणिक ऑइल खराब होण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो.

फिल्टर आणि जाळी यांच्या बाबतीत काटकसर करणे मला अजिबात मान्य नाही. नव्या ट्रॅक्टरच्या पहिल्या सर्व्हिसमध्ये, जी बहुतेक कंपन्या ५० तासांच्या आसपास सांगतात, गिअर एकमेकांना बसताना निघालेला लोखंडाचा कीस फिल्टरमध्ये जमा झालेला असतो. ती चुकवली तर तोच कीस पुढे फिरत राहतो. नंतर मॉडेलप्रमाणे काहीशे तासांनी फिल्टर आणि बऱ्याच ठिकाणी १,००० तासांच्या सुमारास ऑइल असे वेळापत्रक असते. परंतु स्वतःच्याच शेतापुरता ट्रॅक्टर वापरणाऱ्याचे वर्षाला तीन-चारशे तासच भरतात, म्हणजे तासांच्या हिशेबाने बदलायला तीन वर्षे लागतील. पाणी आणि हवा मात्र तास मोजत नाहीत, म्हणून पुस्तिकेत तासांबरोबर महिन्यांचीही मुदत दिलेली असेल तर जे आधी येईल ते धरावे. भातशेतीत चिखलणी करणाऱ्याने तर हंगाम संपताच ऑइल तपासलेच पाहिजे.

ऑइल बदलताना ट्रॅक्टर थोडा वेळ चालवून ते कोमट करून घ्यावे, म्हणजे तळाचा गाळ त्याच्याबरोबर वाहून येतो. अवजारे खाली टेकवावीत, इंजिन बंद करून लिव्हर पुढेमागे हलवून पाइपांतला दाब मोकळा करावा आणि मग खालचे ड्रेन नट काढावेत. ते बऱ्याचदा एकापेक्षा जास्त असतात. नटावर चुंबक असेल तर त्याकडे नीट पाहावे: बोटांवर मऊ लागणारा करडा लेप ही नेहमीची झीज आहे, पण चमकदार चकत्या किंवा दात्याचा तुकडा निघाला तर नवे ऑइल ओतण्याआधी मिस्त्रीला दाखवावे. नवे ऑइल थेट बादलीतून ओतू नये, बारीक जाळीच्या स्वच्छ नरसाळ्यातून ओतावे. भरून झाल्यावर इंजिन चालू करून लिफ्ट काही वेळा वरखाली करावी, पुन्हा खाली आणून पातळी पाहावी, कारण फिल्टर आणि पाइप भरताना ती उतरते.

कोणते ऑइल घालावे याबाबत दुकानदाराच्या शब्दापेक्षा पुस्तिकेतला दर्जा पाहावा. ऑइलमध्ये बुडालेल्या ब्रेकच्या ट्रॅक्टरमध्ये साधे हायड्रोलिक ६८ (नुसत्या हायड्रोलिक यंत्रांसाठीचे ऑइल) किंवा उरलेले इंजिनऑइल घातले तर लिफ्ट कदाचित चालेलही, पण ब्रेक कर्कश आवाज करतील, धरून सोडतील किंवा घसरतील, आणि उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या घाटातून उतरवणाऱ्याला हा प्रयोग परवडणारा नाही. सुट्टे ऑइल स्वस्त मिळते खरे, पण त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

होज पाइपला सुईएवढे छिद्र पडले असल्याची शंका आल्यास ते कधीही हाताने चाचपू नये. शंभराहून अधिक बारच्या दाबाने निघणारी ऑइलची धार कातडी भेदून आत जाते. वर फक्त टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते, दुखतही फारसे नाही, पण आतले मांस मरू लागते आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. छिद्र शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवावा, आणि असा अपघात झालाच तर जखम लहान दिसते म्हणून घरी न थांबता थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जाऊन ‘दाबाचे ऑइल आत गेले आहे’ असे स्पष्ट सांगावे. उचललेल्या ट्रॉलीखाली किंवा रोटाव्हेटरखाली भक्कम टेकू दिल्याशिवाय जाऊ नये. केवळ ऑइलच्या आधारावर असलेले वजन एक सील फुटले की खाली येते.

काढलेले ३०-४० लिटर जुने ऑइल बांधावर किंवा ओढ्यात ओतण्याची पद्धत अजूनही दिसते. वापरलेले ऑइल हे २०१६ च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांखाली येते, आणि नियम बाजूला ठेवला तरी विहिरीच्या पाझरात उतरलेले ऑइल काढण्याचा उपाय शेतकऱ्याच्या हातात नसतो. ते झाकणाच्या डब्यात, पाणी आणि डिझेल न मिसळता साठवून अधिकृत वर्कशॉपमध्ये किंवा जुने ऑइल नेणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाकडे द्यावे. ज्या दिवशी ते द्याल त्याच दिवशी अवर मीटरवरचा आकडा, तारीख आणि भरलेले लिटर ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत लिहून ठेवावे, आणि नंतर मध्येच किती घालावे लागले तेही त्याच्याखाली लिहावे.